स्टार्टच्या वेळी खडखड: व्हीव्हीटीचा फेझर बदलण्याआधी या चुका टाळा

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की पहिले एक-दोन सेकंद इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि मग दिवसभर गाडी शांत असते. व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ गरजेप्रमाणे अलीकडे-पलीकडे करणारी यंत्रणा, असलेल्या इंजिनात असा आवाज बहुधा कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, उंचवटे असलेल्या दांड्याच्या) टोकावरील फेझरचा असतो. मात्र फेझर वाजतो म्हणजे दोष फेझरचाच, असे धरून चालणे ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

फेझर बाहेरून साध्या दातेरी चक्रासारखा दिसतो. त्याचे कवच टायमिंग चेनवर, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशी कॅमशाफ्टला जोडणाऱ्या साखळीवर, फिरते आणि आतला पाती असलेला रोटर कॅमशाफ्टला बोल्टने आवळलेला असतो. पात्यांच्या एका बाजूच्या कप्प्यांत ऑइल भरले की कॅमशाफ्ट चेनच्या तुलनेत थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरले की मागे. इंजिन चालू असताना कवच आणि रोटर यांच्यामधला दुवा ऑइलचाच असतो. इंजिन बंद झाल्यावर कप्प्यांतले ऑइल हळूहळू खाली उतरते, म्हणून त्या अवस्थेत स्प्रिंगवर बसवलेली लॉक पिन खोबणीत शिरून दोन्ही भाग एकत्र धरून ठेवते आणि ऑइलचा दाब पुरेसा चढल्यावरच मागे हटते.

आता कॅमशाफ्टकडे पाहा. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह दाबत असताना व्हॉल्व्हची स्प्रिंग शाफ्टला अडवते, आणि टोक ओलांडताच तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. हा हेलकावा शाफ्टच्या प्रत्येक फेरीत अनेकदा घडतो. कप्पे रिकामे असतील आणि पिनही नीट बसलेली नसेल, तर पाती कवचाच्या भिंतीवर आपटतात; आपल्याला ऐकू येते ती हीच खडखड. पिनेची कड आणि खोबणीचा काठ या धक्क्यांनी गोलसर होत जातो, त्यामुळे पिन पुढच्या वेळी आणखी सहज निसटते. झीज अशी स्वतःच वाढत जाते, म्हणून ‘दोनच सेकंद वाजते, चालायचेच’ म्हणून सोडून देणे बरोबर नाही.

ऑइल बदलताना फक्त किलोमीटर मोजणे ही दुसरी चूक. सर्व्हिस बुकात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे लिहिलेले असले, तरी घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर तडफडणाऱ्या इंजिनाचे तास ओडोमीटरवर उमटत नाहीत. शिवाय रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइल पुरेसे तापत नाही, आणि त्यात मिसळलेले पेट्रोल व पाणी उडून न जाता तिथेच राहते. ऑइलच्या पातळीकडेही असेच दुर्लक्ष होते: डिपस्टिक महिन्यातून एकदा पुसून पाहायला दोन मिनिटे लागतात.

आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरणे हा गॅरेजमधला जुना उपाय आहे आणि इथे तो उलटा पडतो. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० (पातळ ऑइलची श्रेणी) सांगितले आहे त्यात जाड २०डब्ल्यू-५० घातले, तर सकाळी तेच ऑइल वरपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेते, आणि नेमक्या त्याच क्षणी फेझर कोरडा असतो. फिल्टरच्या बाबतीतही काटकसर नडते. चांगल्या फिल्टरच्या आत रबराची किंवा सिलिकॉनची एक झडप असते, जी इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती कडक पडली, तर दर सकाळी ऑइलच्या वाहिन्या नव्याने भराव्या लागतात. नवा फिल्टर बसवल्यानंतरच खडखड सुरू झाली असेल, तर आधी तो फिल्टर बदलून पाहावा.

यानंतर ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे फेझरच्या कोणत्या बाजूच्या कप्प्यांत ऑइल जायचे ते ठरवणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. बहुतेक इंजिनांत तो एका छोट्या बोल्टवर बाहेर निघतो, आणि पुष्कळदा त्याच्यावरच किंवा त्याच्या वाटेवर बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. उजेडात धरल्यावर जाळीतून पलीकडचे दिसायला हवे. तिथे काजळासारखा चिकट थर असेल, तर नवा फेझरही उपाशीच राहणार. व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो (टोयोटाच्या अनेक इंजिनांत २० अंश सेल्सिअसला तो ६.९ ते ७.९ ओहम असतो). पण कॉइल ठीक असूनही आतला दांडा गाळामुळे अडकलेला असू शकतो, हे विसरू नये. तशात स्कॅनरवर पी००११ हा दोषाचा कोड दिसला म्हणून थेट सेन्सर बदलणारे मिस्त्री भेटतात. तो कोड इतकेच सांगतो की कॅमशाफ्ट अपेक्षेपेक्षा पुढे राहिला आहे. का राहिला, हे शोधायचे काम बाकीच असते. पी००१६ आला, तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडला आहे, तेव्हा ताणलेली चेनही तपासावी लागते.

अमेरिकेत २००४ पासून फोर्ड एफ-१५० मध्ये आलेले ५.४ लिटरचे, दर सिलिंडरला ३ व्हॉल्व्ह असलेले इंजिन या बाबतीत चांगले उदाहरण आहे. त्याचे फेझर सकाळी नव्हे, तर गरम इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, उभ्या गाडीत) असताना डिझेलसारखे ठोकत. तापून पातळ झालेल्या ऑइलचा दाब आयडलवर आधीच कमी असतो, आणि त्यातला बराचसा चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या फुटलेल्या सीलमधून गळून जाई. फक्त फेझर बदललेल्या इंजिनांत तोच आवाज परत येण्याचे कारण हे. म्हणून गरम आयडलला गेज लावून ऑइलचा दाब मोजल्याशिवाय सुट्या भागाची ऑर्डर देऊ नये. याउलट होंडाच्या २.४ लिटर इंजिनात, जे सीआर-व्हीमधून आपल्याकडेही आले, रात्रभर उभ्या गाडीची खडखड बहुतेक वेळा फेझरच्या लॉक पिनेचीच असे, आणि तिथे सुधारित भाग बसवणे हाच इलाज ठरला. सरसकट एकच नियम चालत नाही तो असा.

फेझर खरोखरच बदलायचा ठरला, तर मधला बोल्ट सोडताना आणि आवळताना कॅमशाफ्टच्या षटकोनी भागाला पाना लावून धरावे. चेनच्या किंवा लॉक पिनेच्या आधारावर जोर दिला, तर नवा भागही बसवतानाच खराब होऊ शकतो. चेन आणि तिचे गाइड झिजलेले असतील, तर ते त्याच वेळी बदलावेत, कारण पुढचे कव्हर पुन्हा उघडण्याची मजुरी सुट्या भागांपेक्षा जास्त होते. जुळणी झाल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा परत जुळतात का ते पाहावे, आणि इंजिन चालू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडे थोडे फिरवत ऑइल वरपर्यंत चढू द्यावे.