रिपोर्टमधलं ‘पिवळं’ वाचून घाबरताय? या चुका टाळा

लॅबच्या काउंटरवर हे रोजचंच आहे. रिपोर्टवर कुठं फ्लेवम, ल्युटियम, झँथो असलं काही छापलेलं दिसलं की लोक तिथंच मोबाइल काढून सर्च करतात, अर्थ येतो ‘पिवळा’, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, “कावीळ निघाली का हो?” बहुतेक वेळा नसते निघालेली. ही नावं ग्रीक-लॅटिनमधली, आणि ज्याने नाव ठेवलं त्याला पिवळं कुठं दिसलं यावर सगळं अवलंबून, कुणाला शव उघडल्यावर, कुणाला टेस्ट ट्यूबमध्ये, कुणाला बुरशीवर. अॅस्परजिलस फ्लेवस ही ती बुरशी, ओल्या शेंगदाण्यावर येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, त्या ‘फ्ला’मध्ये सुद्धा हाच पिवळा बसलाय.

सगळ्यात जास्त घोळ कंबरेच्या एमआरआयमध्ये होतो. ‘लिगामेंटम फ्लेवम थिकनिंग’. अहो, हा मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारा पट्टा आहे, त्यात इलॅस्टिन नावाचं लवचीक प्रथिन भरपूर असतं म्हणून तो पिवळसर दिसतो, तुमचा माझा सगळ्यांचाच. त्या ओळीत बघायचा शब्द फ्लेवम नाहीच, थिकनिंग आहे. वयानुसार हा पट्टा जाड होतो आणि आतल्या नसांची जागा कमी करतो, मग थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढं वाकलं की बरं वाटतं. असं होत असेल तर ते ऑर्थोवाल्या डॉक्टरांना सांगा, लिव्हरची टेस्ट करून काही हाती लागणार नाही.

सोनोग्राफीतलं ‘कॉर्पस ल्युटियम’ वाचून कुणी म्हणतं आत पू झालाय. नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात जे उरतं ते हे, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवतं, दिवस राहिले नाहीत तर साधारण 14 दिवसांत आपोआप आटतं. दिवस राहिलेच तर सुरुवातीचे काही आठवडे गर्भ त्याच्याच जिवावर असतो. सोबत सिस्ट हा शब्द असेल आणि पोटात अचानक जोरात दुखायला लागलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरकडे जा.

आता खरी कावीळ, म्हणजे रिपोर्टमधलं इक्टेरस. इथं चूक अशी की लोक तळहात बघतात. पपई, गाजर, भोपळा महिनोनमहिने भरपूर खाल्लं तर कॅरोटीनमुळे तळहात-तळपाय पिवळे होऊ शकतात पण डोळे पांढरेच राहतात. काविळीत डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो, म्हणून डोळेच बघा, तेही दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली कुणालाही कावीळ झालेली दिसेल. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, साधारण 1.2 mg/dL पर्यंत नॉर्मल, आणि डोळ्यांत नजरेला कळायला ते 2.5-3 च्या आसपास जावं लागतं. म्हणजे डोळे पांढरे आहेत म्हणून सगळं ठीक, हेही चुकीचंच.

लघवीचं वेगळं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी चमकदार पिवळी होते, ते बी-2, म्हणजे रायबोफ्लेविन (यातही तोच फ्लेव), बाकी काही नाही. लिव्हरच्या किंवा पित्तनळीच्या काविळीत ती मोहरीच्या तेलासारखी गडद होते, आणि शी पांढुरकी होत असेल तर पित्ताचा रस्ता अडलेला असू शकतो. हे गोळीवर ढकलू नका.

अजून एक, जे फारसं कुणी सांगत नाही. बिलिरुबिन उजेडात मोडतं, त्यामुळे रक्ताचं सॅम्पल उन्हात राहिलं तर आकडा खोटा कमी येतो. घरून सॅम्पल नेणाऱ्याने ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर टाकली असेल तर हटका, लाजू नका. आणि फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन थोडं वाढलेलं, बाकी सगळं नॉर्मल, असा रिपोर्ट उपवासाच्या दिवसानंतर आला तर डॉक्टरांना गिल्बर्टबद्दल विचारा. तो जन्मजात प्रकार आहे, निरुपद्रवी, उपाशी राहिलं की आकडा चढतो. चतुर्थी-एकादशी सगळं करणाऱ्या घरांत हे लक्षात ठेवलेलं बरं.

बाळांना काचेत ठेवून निळा लाइट देतात तेही उजेडाच्या याच परिणामामुळे, निळा उजेड त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो आणि मग ते शरीराबाहेर टाकता येतं. म्हणून डॉक्टरांनी फोटोथेरपी सांगितली असताना “खिडकीतलं कोवळं ऊन पुरे” म्हणत बसू नका, उन्हाचं माप कोण ठेवणार? जन्मल्यापासून पहिल्या 24 तासांत बाळ पिवळं दिसायला लागलं तर त्याला नेहमीची कावीळ समजून वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

कावीळ ‘उतरवणारे’ अजून आहेतच. हात चुन्याच्या पाण्यात धुतात आणि पाणी पिवळंधमक होतं, बघणारा खूश. हाताला आधीच आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्यात पिवळा होतो, धडधाकट माणसाचा हात धुतला तरी तेच होईल. हिपॅटायटिस ए (व्हायरसने लिव्हरला येणारी सूज) बऱ्याचदा आपोआप बरा होतो म्हणून श्रेय कावीळ उतरवणाऱ्याला मिळतं, पण बी असेल किंवा पित्तनळीत खडा अडकला असेल तर या नादात दिवस वाया जातात.

आणि ती म्हण, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. वर्गात टोमणा मारायला ठीक, पण काविळीच्या पेशंटला सहसा तसं काही दिसत नाही. खरोखर पिवळं दिसायला लागण्याला झँथॉप्सिया म्हणतात आणि त्याचं एक जुनं प्रसिद्ध कारण म्हणजे हृदयासाठीचं डिगॉक्सिन रक्तात जास्त होणं. घरात आजोबांची ही गोळी चालू असेल आणि ते म्हणाले की दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय, सोबत मळमळतंय, तर चष्म्याचा नंबर काढायला नेऊ नका, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

शेवटचा घोळ लसीचा. ‘काविळीची लस’ अशी एक लस नसते, हिपॅटायटिस ए ची वेगळी, बी ची वेगळी, आणि यलो फिव्हरची तर पूर्णच वेगळी. यलो फिव्हर हा डासांतून येणारा व्हायरस, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला, भारतात तो नाही पण तो पसरवणारा एडिस डास आहे, म्हणून विमानतळावर या लसीचं सर्टिफिकेट कडक तपासतात. केनिया-नायजेरियाला निघालेले लोक हिपॅटायटिसचं कार्ड घेऊन निवांत असतात. यलो फिव्हरची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, तिकीट आधी काढून लस आदल्या आठवड्यात घेतली तर उपयोग नाही. जुन्या सर्टिफिकेटवर 10 वर्षांची मुदत छापलेली असली तरी 2016 च्या जुलैपासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे ते फाडून टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा.