गुरांच्या श्वासनलिकेचं मॉडेल लॅबमध्ये कसं वाढवायचं

पावसाळा लागला की कोकणात गुरांच्या घटसर्पाची धास्ती असतेच, पण त्याचा जंतू पाश्चुरेला श्वासमार्गात शिरून नेमकं करतो काय हे बघायला जिवंत म्हैस आजारी पाडायची गरज नाही, श्वासनलिकेच्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर जंतू सोडून बघता येतं.

आधी टिश्यू, म्हणजे श्वासनलिकेचा तुकडा. राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, २०१५ पासून बैलही त्यात आले, म्हणजे गायीचं हवं तर पोस्टमॉर्टेमचं, नाहीतर सरळ परवानाधारक कत्तलखान्यातलं म्हशीचं घ्या. ताजंच हवं आणि बर्फावरच आणा, मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध घालून.

नलिका धुऊन प्रोनेज या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ४ डिग्रीला रात्रभर ठेवा, सकाळी आतलं अस्तर हलक्या हाताने खरवडलं की पेशी सुटतात, त्या वाढवून कोलाजेन लावलेल्या सच्छिद्र इन्सर्टवर (जाळीदार तळाच्या छोट्या कपात) पेरा. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. थर सलग झाला की वरचं मीडियम काढा, खालचं राहू द्या, खरी गंमत हीच, वरून हवा नि खालून खाणं. साधारण ३-४ आठवड्यांत मायक्रोस्कोपखाली बारीक केस वाऱ्यावर भात डोलावं तसे हलताना दिसतात, वर म्यूकस साचतो, तो अधूनमधून कोमट बफरने (क्षारांच्या द्रावणाने) धुवायचा. थर गळतोय का ते विजेचा रोध मोजून कळतं.

जंतू सोडायच्या आधी अँटिबायोटिक बंद करा बरं का, नाहीतर पाश्चुरेला औषधाने मरेल आणि तुम्ही म्हणाल वा, काय पेशी आहेत! काही इन्सर्ट जंतूविना ठेवा, तुलनेला. यात रोगप्रतिकारक पेशी नसतात, त्यामुळे लसीचा निकाल यावरून लावू नका.

आणि हो, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी पटकन घुसते, इन्क्युबेटरचा पाण्याचा ट्रे नेमाने बदला, लाईट जाणारच तेव्हा बॅकअप हवाच.