जुन्या एमजीबीचं वायरिंग: पार्ट बदलण्याआधी अर्थिंग तपासा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीत वायरवरचं आवरण तडकतं, काळ्या मातीची बारीक धूळ प्रत्येक जोडात जाऊन बसते. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या एमजीबीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा दिवा मंद झाला, हॉर्न बसला, तर लगेच नवा पार्ट मागवू नका. पुष्कळदा पार्ट धडधाकट असतो, गंजलेला असतो तो जोड. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, असं व्हायला नको.

आधी बॅटरी पाहा. 1967 च्या सुमारापर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर निगेटिव्ह. मधल्या मालकाने ते उलटं केलेलंही असू शकतं, म्हणून वायर डोळ्यांनी कुठे जाते ते बघा. काम करताना बॉडीला गेलेलं टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी जोडायचं. दुसरं आधी काढलंत आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट.

आता मुख्य तपासणी. बॅटरी जोडलेली ठेवून हेडलाइट लावा, मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. एक प्रोब दिव्याच्या काळ्या वायरवर, दुसरा बॅटरीच्या बॉडीकडच्या टर्मिनलवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थमध्ये, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेत आहे. बॅटरी सोडवा, काळी वायर बॉडीला जोडलेला बोल्ट काढा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग बॅटरी पुन्हा जोडून, दिवे लावून असंच दुसऱ्या बाजूने, बॅटरीच्या उरलेल्या टर्मिनलपासून दिव्याच्या सप्लाय वायरपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट म्हणजे स्विच, फ्यूज बॉक्स किंवा बुलेट कनेक्टर (वायरी जोडणारी गोळीच्या आकाराची खटक्याची जोडणी) खराब. वायरच्या रंगांचा इथे मोठा आधार आहे: तपकिरी कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून.

फ्यूजबाबत जपा. जुन्या लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज उडण्याचा. सतत पेलायची मर्यादा साधारण 17 अँपिअर. त्याच्या जागी सतत 35 अँपिअर पेलणारा फ्यूज घातलात, तर फ्यूजआधी वायर जळेल. माझ्या मते, या गाड्यांत सगळ्यात घातक चूक हीच.

स्विचमध्ये घट असेल आणि 60/55 वॉटचे हॅलोजन बसवलेले असतील, तर रिले, म्हणजे छोट्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घालाच. दोन दिव्यांचा 9-10 अँपिअर प्रवाह जुन्या स्विचमधून जाऊ देणं बरं नाही. आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात 12 व्होल्टची रिले सहज मिळते. अप्पर आणि डिपरला वेगवेगळी लावा. रिलेच्या पायांवर आकडे असतात: 30 वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे सप्लाय, 87 वरून दिव्याकडे, 86 ला स्विचकडून येणारी जुनी वायर, 85 अर्थला. सप्लायची वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, अनेक बारीक तारांची. घरातली एकतारी वायर हादऱ्याने तुटते. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) चिमट्याने नीट दाबा.

शेवटी बॅटरी जोडून इंजिनचा वेग थोडा वाढवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, साधारण 13.8 ते 14.4 हवेत. दिवे दहाएक मिनिटं चालू ठेवून नवे जोड हाताने चाचपा. एखादा गरम लागला, तर तो कापून पुन्हा करा.