जनुकशास्त्र शिकवताना या चुका टाळा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या कुणालाही झोपेतून उठवून मेंडेलचं दोन गुणांच्या संकराचं ९:३:३:१ हे प्रमाण विचारा, तो सांगेल. मग विचारा, सुरकुतलेला वाटाणा मुळात का सुरकुततो? उत्तर ठरलेलं: "तो गुण अप्रभावी आहे म्हणून." हे कारण नव्हे, नुसतं लेबल आहे. पण दोष त्याचा नाही. मेंडेल एका पेपरात, डीएनए दुसऱ्या पेपरात, शिक्षकही बहुधा वेगळे. त्यामुळे त्याच्या डोक्यात दोन जनुकं राहतात, एक अक्षराचं आणि एक रेणूचं.

यावर उतारा वाटाण्यातच आहे. गोल दाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एन्झाइम असतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्याच एन्झाइमच्या जनुकात सुमारे ८०० बेसजोड्यांचा उपरा तुकडा घुसलेला असतो, हे १९९० मध्ये समजलं. एन्झाइम निकामी, म्हणून स्टार्च कमी आणि साखर जास्त. साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी ओढून फुगतो आणि वाळताना आक्रसतो. संकरित दाण्यात एक चांगली प्रत पुरते, म्हणून तो गोल. मात्र त्याचे स्टार्चकण सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या स्वरूपाचे दिसतात आणि पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवण्याच्या तंत्रात) दोन्ही प्रतींचे बँड, म्हणजे पट्टे, येतात. म्हणजे प्रभावीपणा तुम्ही कोणत्या पातळीवर बघता त्यावर ठरतो. या एका उदाहरणावर पूर्ण तास गेला तरी हरकत नाही.

सिकलसेलचंही तसंच. हिमोग्लोबिनच्या जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी झालं, प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं. आजार अप्रभावी, पण इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या साहाय्याने जेलमध्ये रेणू वेगळे करताना) वाहकाची, म्हणजे एकच सदोष प्रत असलेल्याची, दोन्ही हिमोग्लोबिनं दिसतात. मात्र सिकलसेल जास्त आढळणाऱ्या विदर्भात किंवा नंदुरबारकडे शिकवत असाल तर वाहक समोरच्याच बाकावर बसलेला असू शकतो. "आपापल्या घरची वंशावळ काढून आणा" हा गृहपाठ तिथे देऊ नका. काल्पनिक कुटुंब द्या.

प्रभावी म्हणजे जास्त आढळणारं, हा गैरसमज पहिल्याच आठवड्यात मोडावा. हंटिंग्टनचा आजार प्रभावी आहे आणि दुर्मीळही. जीभ वळवण्याचा खेळ तर आता सोडाच. एकसारख्या जुळ्यांत एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, हे १९५२ मध्येच छापून आलं होतं. तरी तो प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये अजून मुक्काम ठोकून आहे!

केळ्याच्या लगद्यात साबण, मीठ आणि थंड अल्कोहोल घातलं की वर येणाऱ्या पांढऱ्या तंतूंना सरसकट डीएनए म्हणू नका. त्यात पेक्टिन, आरएनए आणि प्रथिनंही असतात. थोडा भाग आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून आणि थोडा न घालता शेजारीशेजारी जेलवर चालवा. खालचा धूसर पट्टा कुठे गेला ते मुलांनाच सांगू द्या.

न कापलेल्या प्लाझ्मिडचे (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएचे) जेलवर तीन बँड दिसले की मुलं "तीन प्लाझ्मिड" लिहितात. शून्य देण्याआधी एकाच जागी कापलेला नमुना शेजारच्या खड्ड्यात भरा. पिळदार रूप सहसा सर्वांत पुढे पळतं, एका धाग्याला खाच पडलेलं सर्वांत मागे राहतं आणि सरळ झालेलं मध्ये. जेलची तीव्रता किंवा व्होल्टेज बदललं तर हा क्रम हलू शकतो, म्हणून कापलेला नमुना हवाच.

आणि डीएनए धाग्याची ५ प्राइम, ३ प्राइम ही टोकं न दाखवलेल्या आकृतीला गुण देऊ नका. रिव्हर्स प्रायमर (पीसीआरसाठी लागणाऱ्या दोन छोट्या डीएनए तुकड्यांपैकी एक) उलटा लिहिण्याची चूक तिथूनच सुरू होते.