इंग्रजी शब्द पाठ करताय? आधी या चुका टाळा

क्लासला नवीन आलेल्या पोराची वही मी आधी मागून घेतो. उघडली की तेच दिसतं: मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. ‘पाठ करायलोय सर, रोज वीस!’ महिन्याभरानं त्यातला एक शब्दही त्याच्या बोलण्यात नसतो, पेपरात नसतो. मग ‘आम्ही मराठी मीडियमचे, इंग्रजी डोक्यात शिरतच नाही’ हे रडगाणं सुरू.

मीडियमचा दोष नाही, त्या उभ्या रेघेचा आहे.

खानापूरकडचा एक डिप्लोमावाला पोरगा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून मुलाखतीचा मेल आला, आणि नेमकी त्याच दिवशी बहिणीची हळद. तारीख पुढची मागायची होती. ‘पोस्टपोन’ त्याला येत होतं, पण ते फार साधं वाटलं. यादीत ‘प्रोक्रॅस्टिनेट’समोर ‘पुढे ढकलणे’ असं लिहिलेलं. म्हणून यानं पाठवलं, ‘काइंडली प्रोक्रॅस्टिनेट माय इंटरव्ह्यू बाय वन वीक.’ समोरचा माणूस भला, तारीख बदलून मिळाली. पण मुलाखतीत साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘डू यू ऑफन प्रोक्रॅस्टिनेट?’ आपला शब्द साहेबांच्या तोंडून ऐकून पोरगं खूश. म्हणालं, ‘येस सर, ऑफन!’

नोकरीचं काय झालं ते सांगत बसत नाही.

प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे करायचं काम आपणच टाळत बसणं, चालढकल. त्यात कंटाळा आहे, आळस आहे, थोडी शरम आहे. दुसऱ्यानं ठरवलेली मुलाखत अशी ढकलता येत नाही. शिवाय या क्रियापदाला सहसा कर्मही लागत नाही. ‘ही प्रोक्रॅस्टिनेटेड अंटिल द लास्ट डे’, संपलं वाक्य. यातलं काहीच ‘पुढे ढकलणे’ या दोन शब्दांत मावत नाही. नुसतं वाक्य पाहिलं असतं तरी कळलं असतं.

सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. बसमध्ये कंडक्टर ‘मुंद होगरी’ म्हणून ओरडला की आपण पुढे सरकतो. ते काय आपण डिक्शनरीत पाहिलं होतं? कोण म्हणतो, कुणाला म्हणतो, कुठल्या आवाजात म्हणतो, हे ऐकत ऐकतच शब्द अंगवळणी पडला. यादी पाठ करून कन्नड शिकलेला बेळगावकर मला अजून भेटायचाय. इंग्रजी आलं की मात्र आपल्याला तीस दिवसांत तीन हजार शब्द हवे असतात!

माझी स्वतःची पद्धत अगदी साधी आहे. शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य वहीच्या डाव्या पानावर उतरवायचं. उजवं पान कोरं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी डावं पान झाकून उजवीकडे स्वतःचं वाक्य लिहायचं. मराठी अर्थ हवाच असेल तर पेन्सिलीनं, कोपऱ्यात. डिक्शनरी इंग्रजी-इंग्रजीच घ्यायची, तीही शिकणाऱ्यांसाठी काढलेली. लाँगमनच्या डिक्शनरीत सगळे अर्थ ठरावीक सुमारे २००० सोपे शब्द वापरूनच सांगितलेले असतात. कोबिल्डची डिक्शनरी तर १९८७ सालापासून अर्थच पूर्ण वाक्यात देते.

आता ‘वाक्यात उपयोग’ या प्रकाराबद्दल. ‘ही इज मेटिक्युलस.’ ‘शी इज रेझिलियंट.’ अशा वाक्यांनी वह्या भरतात, आणि मला चीड येते. ‘ही इज’च्या पुढे गाळलेली जागा ठेवा. तिथे टॉल बसतं, हंग्री बसतं, डेडही बसतं. मग तुम्ही सराव कशाचा केलात? वाक्य असं हवं: ‘माय ग्रँडफादर वॉज रिलक्टंट टू सेल द फील्ड, दो द ब्रोकर हॅड डबल्ड द प्राइस.’ यातला रिलक्टंट काढून शेजारच्याला दिलं तर त्याला दोन-तीनच शब्द सुचतील, आणि सगळे एकाच गोत्रातले. रिलक्टंटच्या पुढे ‘टू’ येतो हेही फुकटात कळलं. आपल्याच घरातलं, शेतातलं, निपाणीच्या बाजारातलं वाक्य करा. लंडनच्या हवेवर कशाला लिहायचं?

बाकीच्या चुका थोडक्यात.

संदर्भावरून अर्थ लावायचा, पण पानावरचे निम्मे शब्द अनोळखी असतील तर संदर्भ उरतोच कुठे? न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या मते, कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एखादाच नवा. इंग्रजी पेपरचा अग्रलेख पहिल्याच दिवशी धरू नका. खेळाचं पान घ्या, त्यात कमीपणा नाही.

लावलेला अर्थ तपासा. लोन ‘सँक्शन’ झालं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून ‘सँक्शन्स ऑन इराण’ वाचून इराणला कर्ज मंजूर झालं असं समजू नये. तिथे ते निर्बंध आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या जीआरई याद्या, म्हणजे परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेश परीक्षेसाठीच्या शब्दयाद्या, टाकून द्या. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न त्या परीक्षेतून २०११ मध्येच गेले. आता वाक्यातल्या रिकाम्या जागा विचारतात.

अवघड शब्दांच्या हव्यासापोटी कामाचे शब्द सोडू नका. भाषातज्ज्ञ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लिखाणात सारखे येणारे ५७० शब्दगट (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक गट) काढून ठेवलेत: सिग्निफिकंट, कन्सिस्टंट, असे. ‘हे येतात की सर’ म्हणतात सगळे. वाक्य करा म्हटलं की ‘कन्सिस्टंट’पुढे विथ, इन की ऑफ, यावर गाडी अडते.

उच्चार ऐकल्याशिवाय शब्द वहीत घेऊ नका. ‘डेब्ट’ म्हणणारे बी.कॉम. दरवर्षी येतात. त्यातला बी मुका आहे, डिक्शनरीच्या अ‍ॅपमध्ये स्पीकरचं चित्र दाबलं की ऐकू येतं.