फटका बसला की लगेच धडा शोधत बसू नका

नोकरी गेली, परीक्षा हुकली, नातं तुटलं की लोक लगेच सांगायला येतात, जे होतं ते चांगल्यासाठीच. सोडून द्या, पहिले काही दिवस अर्थबिर्थ शोधायचाच नाही, झोप आणि जेवण सांभाळलं तरी खूप झालं.

थोडं सावरल्यावर लिहायला बसा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं, तीच पद्धत वापरा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, काय झालं आणि त्याचं काय वाटलं दोन्ही लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही. सुरुवातीला उलट जास्त रडू येऊ शकतं, ते नॉर्मल आहे, पण फारच त्रास व्हायला लागला तर थांबा.

मग वेगळं काढा, माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं. हे अवघड जातं, कारण आपण एकतर सगळा दोष स्वतःवर घेतो नाहीतर सगळा दुसऱ्यावर ढकलतो. हातातल्यातली एकच छोटी गोष्ट याच आठवड्यात करा, "आयुष्य बदलून टाकेन" टाइप संकल्प नकोत.

काहीच अर्थ सापडला नाही तरी चालतं हो, काही गोष्टी नुसत्याच वाईट असतात. पण दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर वही बाजूला ठेवून सरळ समुपदेशकाची अपॉइंटमेंट घ्या.