अचानक आलेला पूर : या चुका टाळा

साधा पूर दिवस-दोन दिवस चढत जातो. अचानक येणारा पूर मात्र पाऊस झाल्यापासून सहा तासांच्या आत, कधी काही मिनिटांतच अंगावर येतो. त्यामुळे 'बघू, अजून किती वाढतंय' म्हणत थांबणं हीच पहिली चूक.

'इथे कुठे पाऊस आहे?' हे दुसरं फसवं समाधान. ढगफुटी वरच्या अंगाला डोंगरात होते आणि लोंढा खाली कोरड्या पात्रात येतो. ओढ्याचं नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा वाहायला लागला, वरून घरघर ऐकू आली, की सामान तिथेच टाका आणि काठापासून उंचावर जा. पाणी अचानक कमी झालं तरीही निघाच. वर दरड कोसळून प्रवाह अडला असेल, तर तो बांध फुटायला वेळ लागत नाही.

सगळ्यात जिवावर बेतणारी चूक म्हणजे वाहत्या पाण्यात गाडी घालणं. वेगाने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाला खाली पाडू शकतं. ३० सेंटीमीटर पाण्यात लहान गाड्या वाहून जातात, ६० सेंटीमीटरमध्ये मोठ्या जीपसुद्धा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, शिवाय गाडी तरंगायला लागल्यावर टायरची पकड सुटते. गाडी दणकट आहे या भरवशावर राहू नका. पुढची गाडी पार झाली म्हणून आपलीही जाईल हेही धरून चालू नका, कारण मधल्या वेळात रस्त्याचा भराव खालून वाहून गेलेला असू शकतो आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाही. कृपा करून मागे फिरा, उशीर झाला तर होऊ द्या.

गाडी पाण्यात बंद पडलीच, तर स्टार्टर मारत बसू नका. पाणी संथ आणि उथळ असेल तर लगेच उतरून उंच जागा गाठा. प्रवाह जोराचा असेल तर आतच थांबा; पाणी आत चढायला लागलं की खिडकीतून टपावर जा. गाडी बुडू लागली तर पट्टा सोडा, खिडकी उघडा, मुलांना आधी बाहेर काढा. दार उघडायची खटपट नको, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही.

दरीत सापडलात तर रस्त्याने खाली पळू नका. ३१ जुलै १९७६ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बिग थॉम्पसन दरीत आलेल्या पुरात १४० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर तिथे 'पूर आला तर वर चढा' अशा अर्थाच्या पाट्या लावल्या गेल्या. गाडी सोडून उतारावर थोडं वर चढणं हे गाडीने दरी पार करण्यापेक्षा कितीतरी खात्रीचं.

घरात पाणी शिरायच्या आधी मेन स्विच बंद करा. ओल्या जमिनीवर उभं राहून त्याला हात लावू नका. छतावर जायची वाट नसेल अशा बंद माळ्यावर चढू नका. पाणी वाढलं तर तिथेच अडकाल.

कुणी वाहून जाताना दिसलं की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. उडी मारू नका. काठावरूनच दोर, बांबू, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेका. दोर स्वतःच्या कमरेला बांधू नका, नाहीतर तुम्हीही ओढले जाल.

पाणी ओसरलं तरी तुटलेल्या तारा आणि उघडी मॅनहोल त्याच्याखाली असतात. प्रशासनाने परत जायला सांगेपर्यंत उंचावरच थांबा.